सासूबाईंचं आयुष्य मी क्रमाने लावतो

चहा हातात आहे तोवर सांगून टाकतो, नंतर माझीच हिंमत होणार नाही. एका चांगल्या घरातल्या बाईला, म्हणजे माझ्या सख्ख्या सासूबाईंना, मी एका दिवसापुरतं नवरा आणि लेकरू टाकून पळून जाणारी बाई करून ठेवलं होतं. ते पण त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी! कट नाही, कारस्थान नाही, कोणाशी वैर नाही. फक्त वेबसाइटमधली एक ओळ बदलली. आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो.

तर मी शैलेश. चारकोपला राहतो आणि अंधेरीच्या एका कंपनीत वेबसाइटी बनवतो. ऑफिसात मला कुत्रं विचारत नाही, पण नातेवाइकांत माझी वट विचारू नका. कोणाचा प्रिंटर अडकला, कोणाच्या फोनमधून फोटो उडाले, की सगळे म्हणणार, "शैलेशला लावा." मी पण असा काही गंभीर चेहरा करून प्रिंटर बंद करून परत चालू करतो, की समोरच्याला वाटावं, ऑपरेशन चाललंय.

सासुरवाडी मुलुंडला. सासरे, म्हणजे बाबा, मूळचे मालवणकडचे. एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आता रिटायर. चकचकीत टक्कल, गोल पोट, आणि बोलणं जवळपास बंद. दिवसाला दोन वाक्यं. त्यातलं एक टीव्हीवर बातम्या देणाऱ्याला. शांत असले की शुद्ध मराठी बोलतात, मला "जावईबापू, तुम्ही" म्हणतात. चिडले की मालवणी सुरू. तेव्हा समोरचा जावई असो की जज, सगळे एका रांगेत.

सासूबाईंची तऱ्हा बरोबर उलटी. आयुष्यभर टायपिस्ट होत्या, त्यामुळे रिटायर झाल्या तरी बोटं स्वस्थ बसेनात. मराठी टायपिंग शिकल्या आणि एक दिवस मला म्हणाल्या, "शैलेशराव, मी आत्मचरित्र लिहिणार आहे. पुस्तक काय माझं कोणी छापणार नाही. तुम्ही मला ब्लॉग करून द्या."

"आई, एका दुपारचं काम आहे!"

आता ब्लॉग काय आपण शून्यापासून बनवत नाही हो. फ्रेमवर्क म्हणून एक तयार सांगाडा मिळतो. त्यात रंग भरायचे, नाव टाकायचं आणि फार मेहनत केली असा आव आणायचा. मी तेवढं सगळं केलं. सासूबाईंनी दोन-तीन भाग चढवले आणि लगेच फोन.

"शैलेशराव, माझा जन्म सगळ्यात खाली गेलाय."

"आई, ब्लॉग असाच असतो. ताजं वर, शिळं खाली."

"माझा जन्म शिळा?"

"तसं नाही हो…"

"माणूस काय आधी मोठा होतो आणि मग जन्माला येतो? क्रमाने दिसायला हवं."

बरोबर होतं त्यांचं. पण तारखेने उलटं लावावं, तर या बाई कधी पाचवा भाग आधी लिहायच्या, कधी मागे जाऊन दुसरा. तारखेचा काही भरवसा नाही. म्हणून मी डोकं चालवलं. सगळ्या नाटकाची सुरुवात इथून होते बघा, मी डोकं चालवलं तिथून.

म्हटलं, "आई, प्रत्येक भागाच्या नावाआधी आकडा टाका. १ बालपण, २ अमुक, ३ तमुक. मी फ्रेमवर्कला सांगतो की पोस्टी नावावरून लाव. मग तुम्ही कधीही काहीही लिहा, आपोआप जागेवर जाऊन बसेल."

एक ओळ बदलली. एक, दोन, तीन, सगळे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे! प्रत्येक भागाखाली ‘पुढचा भाग वाचा’ असं बटण पण लावून दिलं. झकास.

मग माझ्यातला कलाकार जागा झाला. ‘१ बालपण’ हे मला पाढ्यांच्या पुस्तकासारखं दिसायला लागलं. म्हणून मी काय केलं, ते आकडे आतल्या आत ठेवले आणि वाचणाऱ्यांना दिसेनासे केले. नुसतं ‘बालपण’. काय सुंदर दिसत होतं राव!

सासूबाईंनी एकच शंका काढली, "दहाच्या पुढे गेलं तर चालेल ना?"

मी हसलो. अक्षरशः हसलो. "आई, शंभर लिहा!"

त्यांनी मग मला शपथ घातली. लग्नाच्या वाढदिवसापर्यंत कोणी वाचायचं नाही, मी नाही, मंजूने नाही, बाबांनी तर नाहीच. मंजू म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. मी शपथ पाळली. एरवी मी शपथा पाळणाऱ्यांतला नाही, पण आत्मचरित्र न वाचण्याची शपथ कोणाला जड जाते?

वाढदिवस रविवारी आला. संध्याकाळी मुलुंडला सगळ्या नातेवाइकांना कोंबडी-वड्यांचं जेवण होतं. सकाळी सासूबाईंनी फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, ‘माझं आयुष्य. आजवर जे सांगितलं नाही, ते सगळं यात आहे. जरूर वाचा.’

पहिला तासभर नुसते अंगठे आणि फुलं. "वहिनी, छान!" "मावशी, काय सुंदर वेबसाइट!" ते वेबसाइटवालं मी मंजूला दोनदा वाचून दाखवलं.

मग ग्रुप हळूहळू गप्प झाला.

आणि मग बोरिवलीहून सुशीआत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण. मंजूने फोन स्पीकरवर टाकला.

"मंजू, आईचा वाचलंस?"

"नाही गं आत्या, वाचतेच आता. कसं आहे?"

आत्या म्हणाली, "शेवटपर्यंत वाच. आणि संध्याकाळी आमका येऊक जमायचा नाय. माझा पाय दुखता." फोन कट.

मंजू वाचायला बसली. मी बाजूला कांदेपोहे खात होतो. तिचा चेहरा आधी हसरा, मग हळवा, मग कसा तरीच.

"शैलेश," ती म्हणाली, "माझे बाबा लहानपणी… म्हणजे तरुणपणी… त्यांचे केस कुरळे होते का रे?"

"मला काय माहीत? मी त्यांना बघितलं तेव्हा त्यांना केसच नव्हते."

"लग्नाच्या फोटोत त्यांच्या डोक्यावर टोपी आहे." तिने स्वतःच्या केसांची बट ओढून डोळ्यांसमोर धरली. मंजूचे केस मस्त कुरळे आहेत. "मग हे कुठून आले?"

मी पोहे ठेवले आणि फोन घेतला.

आता ऐका, काय होतं ते. पहिला भाग बालपण. घाटकोपरची चाळ, वडील गिरणीत, शाळा, मॅट्रिक. शेवटचं वाक्य, ‘वडील म्हणाले, आता हिच्या लग्नाचं बघायला हवं.’ बटण दाबलं, की पुढचा भाग लग्नाचा. ‘अंतरपाट दूर झाला आणि समोर हे उभे होते.’ छान. पुढचा भाग मुलुंडचा संसार, कडक सासू. त्याच्या पुढे मंजूचा जन्म. त्याचं शेवटचं वाक्य, ‘मुलगी रांगायला लागली आणि आयुष्याला नवं वळण मिळालं.’

बटण दाबलं. पुढचा भाग, ‘मी नोकरीला लागले.’

बसला ना सांधा? सुतारालाही जमणार नाही असा! मंजूला तर आठवतं तेव्हापासून आई नोकरीच करत होती, तिला संशय कशाला येईल?

आणि त्या नोकरीच्या ठिकाणी भेटला ‘तो’. नाव नाही, गाव नाही. नुसता ‘तो’. कपाळावर कुरळ्या केसांची झुलपं. कुठल्याशा कारखान्यातून चलनं टाईप करून घ्यायला यायचा आणि टाईप होऊनही टेबलापाशी उभा राहायचा. मग चोरून चहा. मग ऑफिसच्या लोकांची गोराईची सहल, त्यात हाही घुसलेला. मग रुसवा. मग समेट. आणि अगदी शेवटच्या भागाचा शेवट असा:

‘"माझ्याबरोबर येशील?" त्याने विचारलं. मी एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. आणि मान हलवली.’

बस. त्याच्यापुढे बटणच नाही. गोष्ट संपली. रांगणारी मुलगी घरात, नवरा कामावर, आणि बाई झुलपंवाल्याबरोबर चालल्या!

"मग ती परत कधी आली?" मंजूने विचारलं. "का आली? आणि बाबांनी तिला घरात घेतलं कसं?"

आता मला सांगा, त्या क्षणी माझ्या मनात काय यायला हवं होतं? ज्या माणसाने पोस्टींचा क्रम स्वतःच्या हाताने लावला, त्याला निदान एवढं तरी सुचावं ना, की बाबा रे, क्रम तपास? नाही सुचलं. कारण ते माझं काम होतं, आणि माझ्या कामात चूक कशी असेल? सासूबाईंचं चारित्र्य घसरू शकतं, माझा कोड नाही!

उलट मी मंजूला भाषण दिलं. "हे बघ, तीही एक स्त्री आहे. तिला मन आहे. आपण सुशिक्षित माणसं आहोत, आपण समजून घ्यायला पाहिजे." मंजू माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, भारावलीये.

तोवर ग्रुपवर पाय दुखण्याची साथ पसरली होती. कोणाचा पाय, कोणाचे पाहुणे, कोणाचा नळ फुटलेला. म्हटलं, आपण लवकर निघावं. या कुटुंबाला आत्ता एका समजूतदार माणसाची गरज आहे. तो समजूतदार माणूस मंजूला घेऊन रिक्षात बसला आणि मुलुंडला पोचला.

दार सासूबाईंनी उघडलं. नवी साडी, हाताला वड्यांचं पीठ, चेहऱ्यावर उजेड.

"वाचलंत?"

मंजू "बाथरूमला जाते" म्हणून आत पळाली. मी एकटा सापडलो.

"वाचलं, आई. धाडसी आहे."

"धाडसी कसलं? आता या वयात काय लपवायचं?"

"तरी पण… इतकी वर्षं मनात ठेवलंत…"

"मग काय करणार? तेव्हा असं सांगायची सोय होती का? माझ्या सासूने घरात ठेवलं असतं का मला?"

मी मान डोलावली. केवढं दुःख!

"आणि बाबांनी वाचलं?"

"कुठलं! चष्मा दुरुस्तीला दिलाय. बरंच झालं. आज सगळे जमले की मीच मोठ्याने वाचून दाखवणार आहे. ह्यांचा चेहरा बघायचाय मला!"

सगळ्यांसमोर? वाचून? चेहरा बघायचाय? बाई इतकी निष्ठुर असेल असं वाटलं नव्हतं. कोंबडी-वड्यांना किती चांगला हात होता त्यांचा!

मी ठरवलं, काही झालं तरी या म्हाताऱ्या माणसाला हा धक्का असा चारचौघांत बसू द्यायचा नाही. त्याच्या मनाची आधी हळूहळू तयारी करायची.

"बाबा, खाली जरा चक्कर मारूया?"

बाबांनी टीव्हीवरच्या माणसाकडे शेवटचं रागाने बघितलं आणि निघाले. सोसायटीच्या बागेत बाकावर बसलो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दहा-बारा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. ते खांद्याकडे बघायला लागले.

"बाबा," मी म्हटलं, "झालं गेलं विसरून जा. माफ करा त्यांना."

"कोणाला?"

"आईंना."

"तिने काय केलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला काहीच माहीत नाही. म्हणजे बायको पळून गेली होती, हेसुद्धा माहीत नाही! दोन वाक्यं बोलणारा माणूस, आजूबाजूला बघतच नसेल, मी मनात म्हटलं. ती गेली, आली, याला पत्ताच नाही!

आता मागे फिरायची सोय नव्हती. म्हटलं, "बाबा, आईंनी आत्मचरित्रात सगळं मोकळेपणाने लिहिलंय. तुम्ही मन घट्ट करा. मी वाचतो." आणि फोन काढून मी वाचायला लागलो. गोराईच्या सहलीचा भाग. आणि वाचलं पण कसं माहितीये? चांगला आवाजात कढ आणून!

‘बोट सुटली. सगळे गाणी म्हणत होते. पण तो एकटाच कठड्याला रेलून समुद्राकडे बघत उभा होता. वाऱ्याने त्याची झुलपं उडत होती. कुठल्या विचारात बुडाला होता, देव जाणे. मी जवळ गेले, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले…’

"थांब," बाबा म्हणाले. ‘थांबा’ नाही, ‘थांब’. "गोराय? ऑफिसची सहल?"

"हो."

"त्या बोटीत मी होतंय!"

"तुम्ही पण होतात?" माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "तुमच्या समोर, बाबा?"

"ह्यो मेलो झुलपंवालो कोण? माका कसो दिसलो नाय? खंय असता तो आता?" बाबा उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकी वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. "पुढे वाच!"

मी घाबरून डायरेक्ट शेवट वाचला. माझ्याबरोबर येशील, मागे वळून घराकडे, मान हलवली.

बाबांनी लिफ्टची वाट पण बघितली नाही. गुडघेदुखीचा पेशंट माणूस जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेला. मागून मी, "बाबा, बीपी! बाबा, बीपी!"

वर सासूबाई वडे थापत होत्या. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि गर्जना केली, "कोण होतो तो?"

"कोण?"

"बोटीतलो! कठड्याक टेकून उभो होतो तो! मी त्याच बोटीत होतंय, आणि तू त्या झुलपंवाल्याकडे बघीत होतंस?"

सासूबाईंनी हात पुसले. आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत बाबांकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो तुम्ही!"

मंजू बाथरूममधून बाहेर आली.

"मी?" बाबा म्हणाले. "मी खंय कठड्याक टेकून समुद्राक बघीत होतंय? मी ओकत होतंय!"

"माहितीये मला! मग मी काय तसं लिहू?"

"डोळे मिटलंय ते…"

"परत मळमळलं म्हणून मिटलेत. मी लिंबू द्यायला आले होते. पण आत्मचरित्रात लिंबू बरं दिसतं का?"

बाबांनी हळूच टकलावरून हात फिरवला. "आणि झुलपां?"

"होती हो तुम्हाला." सासूबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही विसरलात. मी नाही विसरले."

मंजू पुढे आली. "म्हणजे तुमचं… लव्ह मॅरेज?"

"मग? तेच तर आज सांगायचं होतं! माझ्या वडलांना कळलं असतं तर तंगडी मोडली असती. म्हणून ह्यांच्या मामाला मध्ये घातला आणि पाहून-सवरून केल्याचं नाटक केलं. लग्नाआधी ‘तो’, लग्नानंतर ‘हे’. एवढं साधं कळत नाही लोकांना?"

"पण आई, तू तर मला टाकून त्याच्याबरोबर निघून गेलीस ना? ‘माझ्याबरोबर येशील’?"

"खोली बघूक!" बाबा ओरडले. "मुलुंडची खोली बघूक येतंस काय, इतक्याच इचारलंय मी!"

"ते मी जरा सुधारून लिहिलं," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुला कशी टाकेन? तू तेव्हा होतीस कुठे? तुझा जन्म शेवटच्या भागात आहे. बारावा भाग."

"शेवटच्या भागात तर तू मान हलवतेस."

"तो नववा!"

"नाही आई, तो शेवटचा. हे बघ. बालपण, मग लग्न, मग मुलुंड, मग मी, मग नोकरी…"

आणि मग त्या घरात एक अशी वेळ आली, की तिन्ही माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. माझ्या.

माझ्या डोक्यात तेव्हा ट्यूबलाइट पेटली, आणि पेटायच्या आधी चांगली फडफडली. काय झालं होतं सांगतो. मी फ्रेमवर्कला म्हटलं होतं, नावावरून लाव. नाव म्हणजे अक्षरं. तो बिचारा आकड्यांनासुद्धा अक्षरंच समजला. आणि अक्षरं कशी लावतात? शब्दकोशासारखी! आधी एकने सुरू होणारे सगळे, मग दोनवाले. म्हणजे एकानंतर दहा. मग अकरा, बारा. आणि हे सगळे वर जाऊन बसल्यावर मग खाली दोन, तीन, चार, असं करत नऊ. मी तपासलं होतं तेव्हा भाग होते तीन. तीनपर्यंत कोणाचंही बरोबर येतं! आणि आकडे दिसले असते तर शेंबड्या पोरालाही चूक कळली असती. ते मी सौंदर्यासाठी लपवले होते.

हे मी त्यांना शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत समजावलं. ‘अक्षरांचा क्रम’, ‘अंकांचा क्रम’, ‘सर्वसाधारणपणे आढळणारी अडचण’ वगैरे.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कॉम्प्युटरला एकानंतर दोन येतात हे माहीत नाही."

"तसं सांगावं लागतं, आई."

"मग सांगायला तिथे कोण बसलं होतं?"

यावर शास्त्रीय भाषेत उत्तर नाही.

"आणि खाली बाकावर माझ्या नवऱ्याला हे वाचून दाखवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

याचंही नाही.

मी तिथेच ओट्याशेजारी लॅपटॉप उघडला. प्रत्येक भागाला क्रमांकाचा वेगळा रकाना केला. अक्षर नाही, खराखुरा आकडा. क्रम त्याच्यावरून लावला. लपवलेले आकडे ठळक करून परत दाखवले. कुरूप दिसू देत. मंजूने ग्रुपवर मेसेज टाकला, ‘कृपया आईचं आत्मचरित्र पुन्हा पहिल्यापासून वाचा. शैलेशने घोळ घातला होता.’ ‘तांत्रिक अडचण’ लिही म्हणून मी पाया पडत होतो. नाही लिहिलं.

आणि बघता बघता सगळ्यांचे पाय बरे झाले हो! फुटलेले नळ जोडले गेले, पाहुणे आपापल्या घरी गेले. सुशीआत्या बोरिवलीहून सगळ्यांच्या आधी हजर. आत शिरल्या शिरल्या वहिनीच्या गळ्यात पडली, "माका पयलेच वाटला होता, वहिनी अशी नाय!" मी बोलण्याच्या लायकीचा राहिलो नव्हतो.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी वाचन केलं, एक ते बारा, क्रमाने. गोराईचा भाग आला तेव्हा बाबा मध्येच म्हणाले, "मी ओकत होतंय." सगळे हसले. सासूबाईपण हसल्या. मग बाबा बोलायलाच लागले. मुलुंडची खोली, मामाचं नाटक, भाड्याने आणलेला सूट. मंजू त्यांच्या बाजूला बसून ऐकत होती, आणि एक हात आपल्या केसांत. मी तेव्हा उगाच भावुक झालो. वाटलं, झाला तो घोळ बरा झाला. माझ्यामुळे हा माणूस इतक्या वर्षांनी बोलला. मनातल्या मनात मी स्वतःला पार माफ करून टाकलं, थोडं कौतुकही करून घेतलं.

आठवड्याभराने सासूबाईंचा फोन आला.

"शैलेशराव, तेरावा भाग लिहिलाय. पण तो क्रमात नकोय. सगळ्यांच्या वर दिसला पाहिजे. मी पुढे कितीही भाग लिहिले तरी हा कायम वरच राहिला पाहिजे. जमेल?"

"आई, दोन मिनिटांचं काम!" म्हटलं, चला, भरवसा अजून आहे.

लगेच बसलो. पोस्ट कायम वर ठेवायची ओळ लिहिली. एका दमात चालली. मोबाइलवर बघितलं, लॅपटॉपवर बघितलं, मंजूच्या फोनवर बघितलं. नवा भाग टाकून बघितला, जुना काढून बघितला. कुठे एक चूक नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका निर्दोष कोड माझ्या हातून कधी उतरला नव्हता.

मग खुशीत येऊन त्या भागाचं नाव वाचलं. ‘जावई निवडताना आमचं काय चुकलं.’

ती पोस्ट अजून सगळ्यात वर आहे. बाबांनी स्वतः खाली पहिली कॉमेंट टाकलीये, "सगळा खरा आसा."